पुणे ते कच्छ ग्रुप राईड: घाटात शिकलेल्यांनी रणातल्या वाऱ्यात गाडी कशी चालवायची?

घाटवाट
मंडळी, जानेवारीत पुण्याहून कच्छला जायचं घाटतंय. बारा-चौदा गाड्या होतील असं दिसतंय आणि त्यात एकसारखं काहीच नाही, हिमालयन आहेत, क्लासिक ३५० आहेत, दोन डॉमिनार, एक आर-१५, आणि एक १५० सीसी पल्सर जिचा मालक गाडीबद्दल एक शब्द ऐकून घेत नाही. रूट असा धरलाय की जुन्या हायवेने पनवेल, ठाणे, घोडबंदर, मग वापी-सुरत-भरूच करून वडोदऱ्याला मुक्काम. दुसऱ्या दिवशी अहमदाबादच्या ट्रॅफिकमध्ये न शिरता वासदला डावीकडे वळून तारापूर, बगोदरा, लिंबडी, ध्रांगध्रा, हळवद, माळिया, सामखियाळी, भुज. (अहमदाबाद-वडोदरा एक्सप्रेसवेला टू व्हीलर घेतच नाहीत, त्यामुळे तोही प्रश्न मिटतो.) पुढे भुजहून खावडा, धोलावीरा, लखपत वगैरे.

प्रश्न असा आहे की आमची सगळी पब्लिक सह्याद्रीत शिकलेली. वरंधा, ताम्हिणी, आंबेनळी रात्री पावसात सांगा, जातील. पण सपाट मोकळ्या रानात दिवसभर वारा खात गाडी चालवायची सवय कुणालाच नाही. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांखाली वाऱ्याने गाडी हातभर सरकते तेवढाच अनुभव, आणि तिथे पठार संपलं की संपलं. कच्छमध्ये ते संपतच नाही म्हणतात. जाऊन आलेल्यांनी सांगा, खास करून ग्रुप कसा सांभाळायचा ते.

सायलेन्सर
धाग्यावर लक्ष ठेवून आहे. आम्हीपण फेब्रुवारीत निघतोय.

गांधीधामकर
बरीच वर्षं इकडे आहे, बंदरातल्या कामामुळे, तर थोडं लिहितो. आधी वारा कुठून येतो ते समजून घ्या, बाकीचं नंतर. मे ते ऑगस्ट नैऋत्येचा वारा असतो आणि तो खरा राक्षसी, त्या दिवसांत मांडवीकडे उभी केलेली गाडी साइड स्टँडवरनं पडते, मी पाहिलंय. जानेवारीत त्यामानाने कमी, बहुतेक उत्तर-ईशान्येकडून, पण थंड आणि कोरडा. गुजरातचं सगळ्यात कमी तापमान हिवाळ्यात बऱ्याचदा आमच्या नलियाचं असतं, पेपरात बघत असाल.

आता नकाशा उघडा. माळियाहून सुरजबारी पुलावरनं सामखियाळीला येताना तुम्ही वायव्येला तोंड करून असता, म्हणजे वारा उजवीकडनं तिरका समोरून. दोन्ही बाजूला खाडी आणि मिठागरं, आडोसा म्हणून एक झाड नाही. खावड्याहून धोलावीऱ्याला जाताना रस्ता जवळजवळ सरळ पूर्वेला जातो, म्हणजे तोच वारा आता पूर्ण डाव्या बाजूने, आणि परत येताना उजव्या बाजूने. इन्स्टावर ज्याला रोड टू हेवन म्हणतात तो हाच. तिथे तीसेक किलोमीटर रणाच्या मधोमध भराव घालून केलेला रस्ता आहे. तुम्ही आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंचावर असता, त्यामुळे वारा अजून लागतो.

आणि वेळ. सकाळी शांत असतं, ऊन चढलं की वारा चढतो, संध्याकाळी परत उतरतो. तेव्हा रणातला पट्टा सकाळी उरकायचा.

बुलेटकाका
घाटवाट, एवढं घाबरायचं काही नाही रे. मी ऐंशीच्या दशकापासून बुलेट चालवतोय, वारा कसला आणि काय कसलं. गाडी जड पाहिजे, हात घट्ट पाहिजेत आणि स्पीड पाहिजे. वाऱ्यात माणूस घाबरून स्पीड कमी करतो आणि तिथेच फसतो, गाडी पळत असली की सरळ राहते. आणि ग्रुपचं म्हणशील तर स्टॅगर्ड फॉर्मेशन, एक डावीकडे एक उजवीकडे, दोन सेकंदाचं अंतर, पुढे लीड मागे स्वीप. सगळे शिस्तीत चाललेले बघायला पण बरं वाटतं.

सदाशिवपेठी
काकांचा मान राखून थोडं गणित मांडतो. (पेठेतला आहे, राहवत नाही.)

हवेचा रेटा वेगाच्या वर्गात वाढतो आणि इथे वेग म्हणजे स्पीडोमीटरवरचा नाही, हवेच्या तुलनेतला. ८० ने चाललाय आणि समोरून ३० चा वारा आहे तर इंजिनाच्या दृष्टीने हवा ११० ने येतेय. ११० ला ८० ने भागा आणि वर्ग करा, १.८९ येतं. म्हणजे बिनवाऱ्याच्या ८० पेक्षा जवळजवळ दुप्पट रेटा. १५० सीसी गाडी तिथेच चौथ्या गिअरमध्ये रडायला लागते आणि अ‍ॅव्हरेज बसतं. त्याच वाऱ्यात ६० वर आलात तर हवा ९० ची आणि रेटा एक तृतीयांशाने कमी.

आता बाजूचा वारा. ३० चा आडवा वारा आणि तुम्ही ८० ला असाल तर दोन्ही मिळून हवा साधारण ८५ ने येते, सुमारे २० अंशात तिरकी. गाडीला बाजूला ढकलणारा जोर ढोबळमानाने या ८५ आणि त्या ३० च्या गुणाकारात जातो. ६० ला आलात तर ८५ चे ६७ होतात, म्हणजे ढकलणं पाचव्या हिश्शाने कमी. काका म्हणतात त्यात अर्धं खरं आहे, चाकं फिरत असली की गाडी स्वतःला सावरते, म्हणून वीस-तीसने रांगायचं नाही. पण साठ-सत्तरला ते सावरणं पुरेसं असतं, त्यावर स्पीड वाढवून फायदा नाही, उलट झोत आला की गाडी जास्त सरकते आणि सावरायला वेळ मिळत नाही.

हात घट्ट हे मात्र अजिबात नाही. हात घट्ट धरले की वारा आधी तुमच्या खांद्यांना हलवतो आणि खांदे हँडल हलवतात. गुडघ्यांनी टाकी दाबा, कोपरं सैल सोडा, गाडीला तिची तिला वाऱ्याकडे कलू द्या.

बुलेटकाका
बाबा रे, मी हे वर्ग-बिर्ग न करता कन्याकुमारी केलंय. पण टाकी गुडघ्यात धरायची हे बरोबर, आम्हाला पण तेच शिकवलं होतं.

मुक्ता_हिमालयन
गेल्या हिवाळ्यात याच रूटने जाऊन आलेय म्हणून जरा सविस्तर. बाकी सगळं वाचून ठेवा पण ट्रकचं नीट वाचा कारण ते कुणी सांगत नाही.

समजा डावीकडनं सारखा वारा आहे. तुमच्या नकळत गाडी डावीकडे थोडी कललेली असते आणि तुम्ही तशाच सरळ जात असता. आता पुढे ट्रक आहे आणि तुम्ही त्याला उजवीकडनं ओव्हरटेक करताय. ट्रकच्या शेजारी आलात की वारा एकदम बंद, कारण तो ट्रकने अडवला. पण तुम्ही तर डावीकडे कललेल्या, मग गाडी सरळ ट्रकच्या चाकांकडे ओढली जाते. तुम्ही दचकून उजवीकडे घेता आणि नेमकं तेव्हाच केबिन ओलांडून पुढे येता, आणि अडलेला वारा सगळा एकदम अंगावर, गाडी थेट समोरच्या लेनमध्ये. हे सगळं तीन-चार सेकंदात होतं. सामखियाळीच्या पट्ट्यात कंटेनर आणि मिठाचे ट्रक एकामागोमाग असतात त्यामुळे दिवसभर हेच चालू. उपाय एवढाच की ओव्हरटेक करताना ट्रकपासून जितकं लांबनं जाता येईल तितकं जा, शेजारी रेंगाळू नका, आणि केबिन मागे पडायच्या आधी मनात म्हणा की आता येणार. कळलेलं असलं की अर्धं काम होतं.

समोरून येणारा ट्रक वेगळा. तो आधी ढकलतो आणि मग ओढतो. दोन लेनच्या रस्त्यावर मी लेनच्या डाव्या तिसऱ्या भागात राहते, अगदी कडेला नाही, कारण कडेला वाळू असते.

आता ग्रुपचं. काका, स्टॅगर्ड फॉर्मेशन चार लेनच्या हायवेवर वारा नसताना ठीक आहे. आडव्या वाऱ्यात प्रत्येकाला पूर्ण लेन लागते, गाडी दोन-तीन फूट इकडेतिकडे होणारच, मग शेजारच्या ओळीत दुसरा कशाला ठेवायचा? आम्ही वासद सोडल्यावरच एका ओळीत आलो आणि अंतर चार-पाच सेकंद. आणि मुख्य म्हणजे चौदा गाड्या एकत्र नेऊच नका. चार-चार, पाच-पाचचे गट करा. आणि गट दोस्तीवर करू नका ही माझी हात जोडून विनंती, गाडीच्या वजनावर आणि टाकीवर करा. नेहमी काय होतं, चार मित्र एकत्र, त्यात तिघे चारशे सीसीवाले आणि एक पल्सर, आणि तो बिचारा दिवसभर फुल थ्रॉटलला. घाटात हे लपून जातं कारण वळणांत सगळेच हळू असतात. सपाटीवर समोरून वारा असला की लपत नाही, अर्ध्या तासात तो ठिपका होतो आणि मग दिसतच नाही.

गटातली सगळ्यात हलकी गाडी लीडच्या लगेच मागे. शेवटी नाही. लीडने आरशात तीच बघायची आणि तिच्या स्पीडने चालायचं.

एकटा_बरा
हे सगळं वाचून पुन्हा तोच प्रश्न पडला की ग्रुप कशाला? निम्मा दिवस चहाला थांबण्यात आणि उरलेला एकमेकांची वाट बघण्यात. मी कच्छ एकट्याने केलंय, वाटेल तेव्हा थांबलो, वाटेल तेव्हा निघालो. ग्रुपवाल्यांचं सगळं लक्ष ड्रोन आणि रीलकडे.

मुक्ता_हिमालयन
एकट्याने जाण्याचं सुख मलाही माहितीये. पण धोलावीऱ्याच्या रस्त्यावर पंक्चर झालं आणि मोबाईलला रेंज नाही तर ट्यूबवाल्या गाडीचं मागचं चाक एकटीने काढून बघा एकदा वाऱ्यात. रीलबद्दल मात्र अनुमोदन, भरावावर मधोमध गाड्या आडव्या लावून फोटो काढणारे महाभाग बघितलेत, समोरून डंपर येतोय आणि हे जॅकेट हवेत उडवतायत.

पर्थकर
धागा वाचून लिहायला बसलो. आम्ही इथली, ऑस्ट्रेलियातली मराठी पोरं, दोन पुण्याची, एक कोल्हापूरचा आणि मी डोंबिवलीचा, पर्थहून नलारबोरचं सपाट मैदान पार करून अ‍ॅडलेडला गेलो होतो. नॉर्समन ते सेडुना सुमारे १२०० किलोमीटर, त्यात बॅलडोनिया ते कायगुना या टप्प्यात १४६.६ किलोमीटर रस्ता एकही वळण न घेता सरळ आहे, पाटीच लावलीय तशी. दोन पेट्रोल पंपांत दीडशे-दोनशे किलोमीटर अंतर. काही ठिकाणी रस्त्यावरच पांढरे पट्टे मारून धावपट्टी केलीय, फ्लाइंग डॉक्टरचं, म्हणजे विमानातनं येणाऱ्या डॉक्टरांचं विमान उतरायला.

मुक्ताताईंनी ट्रकचं लिहिलंय ते आमच्याकडे रोड ट्रेनला, म्हणजे एकामागे एक ट्रेलर जोडलेल्या ट्रकला लागू, पस्तीस-छत्तीस मीटरचं धूड, त्यामुळे शेजारची शांतता जास्त वेळ आणि पुढचा फटका जास्त मोठा. आम्ही दिशा वारा बघून ठरवली होती. थंडीच्या दिवसांत इथे पश्चिमेचा वारा जास्त, म्हणून पश्चिमेकडून पूर्वेला. आमच्या उलट दिशेने येणारे दोघे मदुरा रोडहाऊसला भेटले, त्यांच्या माना वाकड्या झालेल्या. त्यावरून एक सांगतो, अ‍ॅडव्हेंचर हेल्मेटची ती पुढची टोपी असते ना, ती स्क्रू काढून बॅगेत टाका. बाजूने वारा आला की ती मान पिरगाळते. दुपारपर्यंत कळत नाही, रात्री उशीवर डोकं टेकवल्यावर कळतं.

अजून एक, सरळ रस्त्यावर झोप येते. वारा आणि झोप एकत्र असू शकतात यावर माझा विश्वास नव्हता, पण कानात एकसारखा घुं आवाज चालू राहिला की डोकं बधिर होतं. इअरप्लग घाला, स्वस्तातले फोमचे चालतात, थकवा खरंच कमी येतो.

लेहवाला
मनाली-लेह रस्त्यावरच्या मोरे प्लेन्सला पण हेच, पांगच्या पुढे चाळीसेक किलोमीटर सपाट, साडेचार हजार मीटरच्या वर, दुपारनंतर वारा असा सुटतो की बोलणं बंद. तिथेही सकाळी पार करायचं हाच नियम. बाकी कच्छचा अनुभव नाही, पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

सायलेन्सर
प्रश्न: बायको मागे असणार आहे, वजन वाढल्याने गाडी स्थिर राहील की वाऱ्याला जास्त लागेल? आणि सामान टॉप बॉक्समध्ये घेऊ की सॅडल बॅगमध्ये?

सदाशिवपेठी
दोन्ही होतं. वजन वाढलं म्हणून तीच गाडी कमी सरकते, पण वाऱ्याला अडवणारं अंगही वाढलं. एकंदरीत मागे माणूस असणं वाईट नाही, फक्त त्यांनी वाऱ्याशी भांडायचं नाही, तुमच्यासोबत कलायचं. टॉप बॉक्स मात्र नको. तो उंच आणि मागच्या चाकाच्याही मागे, तिथे वारा लागला की शेपूट हलते आणि पुढचं चाक हलकं होतं. जड सामान खाली आणि पुढे, सॅडल बॅगा रुंदीला कमी, दोन्ही बाजूंना वजन सारखं.

मुक्ता_हिमालयन
आणि वहिनींना सांगा ओढणी, स्कार्फ, जॅकेटची लोंबणारी दोरी काहीही मोकळं नको. चेनमध्ये ओढणी गेल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. सामानावरची ताडपत्री फडफडत असेल तर तीही बंजीने (हूकवाल्या रबरी दोरीने) नाही, पट्ट्याने आवळून बांधा, बंजी वाऱ्यात ताणत राहते आणि हूक सुटतो. आणि ते काठीला लावलेले झेंडे! क्लबचा झेंडा, भगवा, तिरंगा, जो काय असेल तो स्टिकर करून लावा. मोठा झेंडा शंभरच्या हवेत गाडीची शेपटी धरून ओढतो आणि काठी तुटली की मागच्याच्या तोंडावर.

बुलेटकाका
झेंड्याला हात लावायचा नाही. बाकी मान्य.

गांधीधामकर
😀 काका, सुरजबारीला भेटा, झेंडा कुठे गेला ते शोधायला मदत करतो.

थोडं रणाबद्दल राहिलं होतं. रस्ता सोडून गाडी खाली उतरवू नका, कितीही कोरडं दिसो. पावसाळ्यात हे सगळं पाण्याखाली असतं आणि ते हळूहळू आटतं, चांगला पाऊस झाला असेल तर जानेवारीतही काही भागात पाणी दिसतं. वर मिठाचा कडक थर आणि खाली चिखल, दोनशे किलोची गाडी एका क्षणात एक्सलपर्यंत बसते आणि ती काढायला ट्रॅक्टर आणायचा तर तोही बसतो. सरहद्द जवळ आहे, ओळखपत्र सगळ्यांकडे हवं, धोर्डोच्या पांढऱ्या रणासाठी परमिट लागतं, भिरंडियाराला मिळतं. तिथला मावा खा, गरम असतो. पौर्णिमेला जायचं असेल तर गर्दीची तयारी ठेवा.

खावड्याच्या रस्त्याला आता ट्रॅफिक बदललंय. खावड्याच्या पुढे सौर आणि पवन ऊर्जेचा अवाढव्य प्रकल्प चाललाय, ३० गिगावॉटचा आराखडा आहे, त्यामुळे डंपर, टँकर, आणि कधीकधी पवनचक्कीचं पातं घेऊन जाणारा ट्रेलर. हे पातं रस्त्यावर वळताना बघाच, सगळी वाहतूक थांबते. त्याला ओव्हरटेक करायच्या भानगडीत पडू नका, चहा घ्या.

पेट्रोल भुजमध्ये फुल करून निघा. भुज ते धोलावीरा या नव्या रस्त्याने साधारण १३०-१४० किलोमीटर, पूर्वी रापरवरून फिरून जावं लागायचं तेव्हा सव्वादोनशेच्या आसपास व्हायचं. जाऊन-येऊन पावणेतीनशे धरा, आणि वाऱ्यात अ‍ॅव्हरेज पडतं हे वर आलंच आहे. नीलगाय, गाई आणि उंट संध्याकाळी रस्त्यावर येतात, अंधारात चालवू नका. धोलावीऱ्यालाच मुक्काम करा, २०२१ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेल्यापासून राहायची सोय बरी झालीय. आणि ते हडप्पाकालीन गाव निवांत बघा, पाण्याचे हौद बघून आपल्या स्मार्ट सिटीवाल्यांना तिथे आठवडाभर बसवावं असं वाटतं.

आल्यावर गाडी गोड्या पाण्याने धुवा, चेन साफ करून ल्यूब मारा. मीठ दोन दिवसांत गंज धरतं.

एकटा_बरा
वाचनखूण साठवली. ग्रुपबद्दल मत तेच, माहितीबद्दल सगळ्यांचे आभार.

घाटवाट
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. काल मीटिंग झाली. बरीच वादावादी झाली कारण गाडीच्या वजनावर गट म्हटल्यावर दोन जण रुसले, त्यांना कॉलेजपासून शेजारी-शेजारी चालवायची सवय. पल्सरवाला म्हणाला मला लीडच्या मागे ठेवणं हा अपमान आहे. मग त्यालाच लीड करायला सांगितलं, म्हटलं तुझ्या स्पीडने सगळे येतील, तेव्हा कुठे गप्प झाला, आणि खरं सांगायचं तर ही आयडिया मलाच जास्त आवडली.

तर आता तीन गट. प्रत्येक गटात एक इंटरकॉमवाला लीड आणि एक स्वीप, दोघांकडे पंक्चर किट आणि पंप. गटांमध्ये दहा मिनिटांचं अंतर, पुढचा गट थांबायच्या ठिकाणी थांबेल, मधे कुणी कुणाला गाठायला जायचं नाही. वळणावर मागचा दिसेपर्यंत पुढच्याने थांबायचं. बगोदऱ्यापर्यंतचा तो भालचा सपाट पट्टा सकाळी लवकर निघून दहाच्या आत काढायचा, सुरजबारी दुपारीच येतंय ते टळत नाही, तिथे साठच्या वर कुणी नाही. धोलावीऱ्याला जायचं ते भुजहून उजाडताच, आणि मुक्काम तिथेच, म्हणजे परतही सकाळीच. टॉप बॉक्स सगळ्यांचे काढायचे. काकांच्या समाधानासाठी झेंडा भुजमध्ये फोटोपुरता उघडायचा.

तारीख १० जानेवारीला निघायची धरलीय.

मुक्ता_हिमालयन
थांब, १० ला निघून १४ च्या आसपास गुजरातमध्ये? उत्तरायण आहे, पतंग! मांजा. वाऱ्याचं एवढं बोललो आणि हेच राहिलं. त्या आठवड्यात गावातनं जाताना गळ्यावर मांजा येतो, दरवर्षी टू व्हीलरवाले कापले जातात. तारीख पुढे ढकला नाहीतर गळ्याला जाड नेक गार्ड आणि हँडलवर तारेची कमान लावा.

घाटवाट
अरे बापरे. सुट्ट्या टाकून झाल्यात सगळ्यांच्या. ती कमान पुण्यात मिळते का?

गांधीधामकर
पुण्यातलं माहीत नाही, इकडे जानेवारी लागला की रस्त्याच्या कडेला विकायला बसलेले असतात. वडोदऱ्यात मुक्काम आहेच, तिथे निघायच्या आधी सगळ्या गाड्यांना लावून घ्या. आरशाच्या बोल्टमध्ये बसते, पाना जवळ ठेवा. बुलेटचा हँडल रुंद आहे, काकांना मोठी घ्यायला सांगा.

बुलेटकाका
मी येतोय हे कुणी सांगितलं? बरं, मोठीच घ्या.